पवनचक्क्यांच्या सभेतला माईकवाला

आमच्या मोर्च्यांना आणि बिल्डरांच्या भूमिपूजनांना माईकवाला एकच. मी त्यावरून टोमणा मारला की म्हणतो, "अहो, तुमची पत्रकं छापणारा लग्नपत्रिकाही छापतोच ना?" भाषणं चालू असताना तो जांभया देतो. टाळ्या कोणासाठीच वाजवत नाही.

एका गावाच्या पठारावर उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सभा कंपनीने पुण्यातल्या हॉलमध्ये ठेवली, गावकऱ्यांना येता येऊ नये म्हणूनच. तरीही ते टेम्पो करून आले. त्यांच्यातल्या एक बाई माईकपाशी गेल्या.

"पवनचक्क्या उभ्या करा, पण त्यांचा रस्ता आमच्या झऱ्यावरनं नेऊ नका. गावाला पाणी तेवढंच हाय."

"माईक बंद करा," कंपनीचे साहेब माईकवाल्याला म्हणाले.

"आपण मला आवाज मोठा करायला बोलावलंत. बंद करायला दुसरा कोणी बघा."

"पुन्हा काम मिळणार नाही तुम्हाला."

"बरं," म्हणत त्याने आवाज आणखी वाढवला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "मावशी, सावकाश बोला. साहेबांना नीट ऐकू आलेलं दिसत नाही."

बाईंनी पदर खोचला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.