मामंजींचा इंग्रजी शब्द

माझ्या सासऱ्याला इंग्रजीतला एकच शब्द धड यायचा, इरॅटिक. माणूस हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. पलटणीतला साहेब कुणाची गोळी भलतीकडं गेली की तसं ओरडायचा म्हणे. यानं तो शब्द कवठे महांकाळला आणला आणि माझ्यावर चालवला. भाकरी जाड झाली, इरॅटिक. चहाला उशीर, इरॅटिक. पाहुणे आले की हटकून, "सूनबाई आमची लय इरॅटिक हाय." पाहुणे कळल्यासारखी मान डोलवायचे. मी चुलीपुढं जळायची.

अर्थ मला थोरल्या भावानं सांगितला. मॅट्रिक झालेला तो. पंचमीला मला न्यायला मेढ्याहून आला, पिशवीत घरचे तांदूळ घेऊन. आई अंथरुणाला खिळली होती. सकाळी मामंजी म्हणाले, "जा की, आईला बघून ये." मी बोचकं बांधलं. एसटीची वेळ झाली, तर म्हणाले, "आता न्हाई. दिवाळीला बघू." का, तर काही नाही. आलं मनात! भाऊ उंबऱ्यात चपला घालताना दबक्या आवाजात म्हणाला, "इरॅटिक म्हंजे कवा काय करंल ह्याचा भरवसा न्हाई, आसा माणूस. तू न्हवं गं ती. ह्यो म्हातारा."

दिवाळीच्या आत आई गेली. मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती, असं भावानं नंतर सांगितलं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, तुझा शब्द तुला परत केल्याशिवाय राहायची नाही.

मालक लष्करात, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. काही वर्षांनी म्हाताऱ्यानं खाट धरली. एका सकाळी माझा हात धरून म्हणाला, "लेकीला बघायचं हाय गं. कराडला सांगावा धाड." एकुलती लेक त्याची, कराडला दिलेली.

"धाडते की," मी म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी पेज पाजताना म्हटलं, "मामंजी, आता न्हाई. दिवाळीला बघू."

"आगं, सकाळी तर व्हय म्हनलीस?"

"म्हनलं आसंल."

उन्हं कलली तेव्हा म्हटलं, "धाडावाच म्हणते सांगावा." तोंड उजळलं त्याचं. घटकाभरानं म्हटलं, "नगं बाई, ऱ्हाऊ दे." म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या, मग हात जोडले, मग नुसता दाराकडं बघत पडून राहिला.

"का गं छळतीस?"

"आवं, छळतीय कुठं? लय इरॅटिक हाय न्हवं मी. तुमीच सांगत व्हता समद्यांस्नी."

पंचमी आठवली त्याला. दिसलंच मला ते.

तार मी सकाळीच करून आले होते. सांजच्या गाडीनं नणंद आली आणि बापाच्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. गावात म्हणतात, सुनेनं सासऱ्याचं लय केलं. केलंच की. पण त्या दिवशी त्याला दाराकडं बघायला लावलं, त्याचं मला कणभर वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.