राणीच्या गालासमोरचा अंगठा

लग्न होऊन मी बोईसरला आले तेव्हा सासरी स्वयंपाकाचं मला कोणी काही शिकवलं नाही. शिकवलं ते रुपया कसा धरायचा हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवऱ्याने लोखंडी कपाट उघडलं, एक राणीछाप रुपया काढला आणि सांगितलं की नाणं फक्त कडेने धरायचं, मधे बोट लागू द्यायचं नाही, आणि त्याच्यावर तोंड करून बोलायचंसुद्धा नाही, थुंकीचा कण उडतो. नव्या बायकोशी बोलायला ह्या माणसाला दुसरा विषय नाही का, असं मनात आलं, पण मी मान हलवली. समोर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो म्हणते. लिहिण्याचा तेवढा एक फायदा.

तो तारापूरच्या कारखान्यांपैकी एकाच्या प्रयोगशाळेत कामाला होता. छंद एकच, इंग्रजांच्या काळातली नाणी. राणीछाप, राजाछाप, थोडे विलायतेतले शिलिंग. सुट्टीच्या दिवशी टेबलावर पांढरा पंचा अंथरून, भिंग डोळ्याला लावून तो त्यांची प्रत ठरवत बसायचा. राणीचा गाल आणि कानावरचे केस आधी झिजतात, हे मला त्याच्याकडून कळलं. केसांची बट न् बट दिसली तर नाणं वरच्या प्रतीचं, गाल सपाट झाला की खालच्या. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, असे शब्द तो लग्नाच्या स्थळांबद्दल बोलावं तसे उच्चारायचा. त्यात मी कुठे बसते हे मी कधी विचारलं नाही. तो स्वतः चलनातून फिरून आलेला होता, त्याचं हे दुसरं लग्न.

त्याचा सगळ्यात मोठा राग कडीवर. पूर्वी बायका रुपयाला कडी लावून माळेत ओवायच्या. कडी झाळायला आच लावून डाक दिला की नाणं मेलं, असं तो म्हणायचा, मग राणीचे केस कितीही शाबूत असोत. मासवणच्या बाजारात डोंगरातून उतरलेल्या एखाद्या म्हातारीच्या गळ्यात तशी माळ दिसली की हा एवढा टक लावून पाहायचा की मला चिमटा काढावा लागायचा. लोक काय समजत असतील ते समजोत, त्याला मात्र त्या माळेत फक्त मेलेले रुपये दिसायचे.

आधीची बायको लग्नानंतर चारेक वर्षांत तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं. मी येण्याआधी त्याने तिचा फोटो भिंतीवरून काढला. खिळा तसाच राहिला, आणि भोवतीच्या मळलेल्या रंगात एक स्वच्छ चौकोन. मी तिथे कॅलेंडर लावलं. आमच्याकडे आधीच्या बायकोला मोठी म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मीही मोठीच म्हणायला लागले. ही मोठी उंचीने मात्र लहान होती. स्वयंपाकघरातला ओटा तिच्या मापाने बांधलेला, त्यामुळे माझी पाठ दुखायची. फळीही तिच्याच हाताला लागेल अशी ठोकलेली, त्यामुळे माझं कपाळ दुखायचं. दिवसातून एकदा तरी ती मला मारायचीच.

माझं माहेर नवापूरचं, बोटीवाल्यांचं घर. पहिल्या दिवाळीला मी गेले तेव्हा आयने हातातले बोंबील टोपलीत टाकले आणि पहिला प्रश्न विचारला, मोठीचा टाक केला का. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मी शिकलेली, शाळेत मास्तरीण, मी हसले. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला, पण त्याचं हसणं लवकर संपलं, आणि असल्या गोष्टी आपल्या घरात नकोत म्हणाला. आय मात्र मी भेटेन तेव्हा विचारायची आणि मी नाही म्हटलं की गप्प व्हायची. एकदा गप्प नाही झाली.

"तिला बसाला जागा दे, पोरी," ती म्हणाली. "जागा नाय म्हनून ती घरभर फिरते."

आणि खरं सांगायचं तर ती फिरत होती. मी शाळेतून येऊन कुलूप काढलं की आतून कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं. आमचं मागचं दार जरा खाली बसलंय, ते उचलून ओढावं लागतं. शेजारणीने एकदा मला ते ओढताना पाहिलं आणि बोलून गेली की तीही अगदी असंच कोपराने उचलायची. त्या दिवसापासून मी हातानेच उचलायला लागले, तरी घाईत कोपर पुढे यायचं. मला भीती वाटायची. तिची नव्हे, ती कोण होती हे मला कोणी सांगतच नव्हतं ह्याची. तिला काय आवडायचं, ती चिडायची का, हसायची कशी, नवऱ्याच्या तोंडून एक शब्द नाही. जिचं नावही निघत नाही तिच्याशी भांडणार तरी कसं?

बोईसरच्या हवेत चांदी टिकत नाही. समोर समुद्र, मागे कारखाने, निरांजन आज घासलं की आठवड्यात काळवंडतं. म्हणून नाण्यांचे लाड. प्रत्येकाला पारदर्शक गोल डबी. मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, ती चिकट होऊन हिरवा डाग सोडतात. रबरबँड नको, डांबराची गोळी नको, लाकडाचा खण नको. ओल शोषायच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा सगळी तपासणी. त्या वेळी तो साऱ्या राण्या सरळ लावून ठेवायचा, आणि पुढच्या वर्षी खण ओढला की त्यातली एक तिरपी झालेली असायची. सबंध खणात एकच, आणि दर वेळी तीच, त्याचा सगळ्यात उजळ रुपया, टांकसाळीतून काल निघाल्यासारखा. मालगाडी गेली की घर हलतं, तो म्हणायचा. बाकीच्यांसाठी मालगाडी वेगळी येते का, हे मी विचारलं तेव्हा त्याने भिंग पुसायला घेतलं.

त्याच रुपयावर एका वर्षी डाग दिसला. राणीच्या गालासमोर, नाकापासून अक्षरांपर्यंत, चहाचा थेंब वाळावा तसा फिका. पुढच्या वर्षी तो गडद झाला होता आणि त्यात रेषा आल्या होत्या. तो अंगठ्याचा ठसा होता.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी एवढी संतापले की त्याचा हात धरून माझा अंगठा भिंगाखाली नेला. माझ्या अंगठ्यावर भोवरा आहे. नाण्यावरच्या रेषा एका बाजूने येऊन वळून परत जात होत्या, आणि त्यांना मधोमध कापत एक तिरपी पांढरी रेघ गेली होती, तिथली चांदी अजून उजळ होती. मी ती रेघ त्याला दाखवली. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"सुरण चिरताना कापलं होतं तिने," तो म्हणाला. "वण राहिला होता."

मोठीबद्दल त्याने माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं वाक्य. मग त्याने सांगितलं की बोटाचा ओशटपणा चांदीवर लागतो तेव्हा काही दिसत नाही, पुसलं नाही तर तो आतल्या आत काम करत राहतो आणि कित्येक वर्षांनी वर येतो. हे त्याने प्रयोगशाळेतल्या आवाजात सांगितलं. त्यानंतर म्हणाला की ती नाण्यांना कधी हात लावत नसे. मी म्हटलं, लावला होता की. तो पाळीवर गेला असताना ती कपाट उघडायची, डबीचं झाकण फिरवून काढायची आणि ज्या बाईकडे आपला नवरा तासन् तास पाहत बसतो ती दिसते तरी कशी हे बघायची. मी काही तिथे नव्हते, पण मला ते ठाऊक होतं, कारण मलाही दर रविवारी तेच करावंसं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला मोठी आवडली.

मग मात्र घराला ग्रहण लागलं. नवरा कामावरून आला की रुपया काढून बसायचा. प्रत ठरवत नव्हता, नुसता पाहायचा. एवढी वर्षं न बोललेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबायचं आणि तिथेच राहायचं. जेवायला हाक मारली तर तो जिच्याकडे वळून बघायचा ती मी नसायचे. मला मत्सर वाटला, सरळ सांगते. मेलेल्या बाईच्या अंगठ्याचा मत्सर. शिवाय ठसा दर महिन्याला काळा पडत होता. ज्या हवेने तो वर काढला तीच हवा त्याला गिळणार होती. आधी रेषा एकमेकींत मिसळतील, मग नुसता काळा धब्बा, असं त्यानेच सांगितलं. संग्रह करणाऱ्या त्याच्या एका मित्राने फोनवर सल्ला दिला की चांदी उजळायच्या द्रावणात बुडव, डाग क्षणात निघेल, रुपया वाचेल.

एका रविवारी दुपारी त्याने काचेच्या वाटीत खरंच ते द्रावण ओतलं. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला की तुला ह्याचा त्रास होतोय हे मला दिसतं, आज हे संपवून टाकू. मी वाटीकडे पाहिलं. पाण्यासारखंच दिसत होतं. तिचा फोटो माझ्यासाठी काढला, तिचं नाव माझ्यासाठी गिळलं, आणि आता हा एवढासा अंगठाही माझ्यासाठीच पुसायचा. मग ती पुन्हा घरभर फिरणार, आणि ह्या वेळी तिच्याजवळ बोटसुद्धा नसणार. मला रडू आलं. मी वाटी उचलून मोरीत ओतली.

"मला मोठीचा टाक हवाय," मी म्हटलं. "हाच."

ज्याचा टाकावर विश्वास नाही आणि कडी लावलेल्या रुपयाचं ज्याला सुतक येतं, अशा माणसाकडे मी हे मागत होते. पण पुढच्या शनिवारी रुपया खिशात घालून तो माझ्याबरोबर पालघरच्या सोनाराकडे आला. सोनार म्हणाला, कडीला डाक द्यायचा तर आच लागणार, आणि आच लागली की डाग जळून जाणार. मग नवरा खुर्ची ओढून बसला आणि त्याने कागदावर आकृती काढली. घड्याळाला असते तशी चांदीची चौकट, दोन्ही बाजूंना काच, कडी चौकटीला, नाण्याला आच नाही. राणीच्या बाजूची काच अगदी घट्ट, हवा आत जाता कामा नये, म्हणजे ठसा आहे तसा राहील. सोनाराने आठवडा मागितला.

आठवड्याने आम्ही परत गेलो. राणीची बाजू बंद झाली होती. काचेमागे मोठीचा अंगठा तपकिरी, स्पष्ट, मधून ती पांढरी रेघ. सोनार मागची काच उचलणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं आणि नवऱ्याला म्हटलं, मला ह्या बाजूला हात लावायचाय. आणि ह्या बाजूची काच घट्ट नको, थोडी फट ठेवा, हवा आत येऊ दे. त्याला कळायला वेळ लागला नाही. सोनार आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मला वाटलं आता नवरा नाही म्हणेल, नाण्याच्या उरल्यासुरल्या प्रतीची आठवण करून देईल. त्याने रुपया चौकटीसकट कडेने धरला, वेलबुट्टीत एक रुपया लिहिलेली बाजू वर केली आणि माझ्यासमोर आणली.

"नीट दाब," तो म्हणाला. "हलका हात लागला तर वर येणार नाही."

मी दाबला. अंगठा उचलला तर तिथे काहीच नव्हतं, नुसती चांदी. सोनाराने केसाएवढी फट ठेवून काच बसवली. घरी येऊन नवऱ्याने काळ्या दोऱ्यात ओवून तो माझ्या गळ्यात बांधला, आणि संध्याकाळी कॅलेंडर काढून त्या खिळ्यावर फोटो लावला. फोटोतली मोठी आता माझ्याहून कितीतरी लहान आहे, लग्नाच्या वयाच्या मुलीसारखी. नवापूरला गेले तेव्हा आयने ओला हात पदराला पुसून काचेला लावला आणि कपाळाला नेला.

मागच्या दारापाशी माझं कोपर अजूनही पुढे येतं, आता मी येऊ देते. नवरा तिच्याबद्दल थोडंथोडं बोलतो. ती सिनेमात रडायची म्हणे, आणि कारलं आवडीने खायची. दिवाळीनंतर तपासणीच्या दिवशी तो सगळ्या डब्या पाहून झाल्यावर मला टेबलाशी बोलावतो. गळ्यातला रुपया हातात घेतो, आधी राणी बघतो, मग उलटा करून माझी बाजू भिंगाखाली बराच वेळ धरतो.

"अजून काही नाही," तो म्हणतो, आणि त्याचा अडकलेला श्वास माझ्या गळ्यावर सुटतो.