मूळपुरुषाची मिशी

पोलीस खात्यातले मोठमोठे गुन्हे आता विसरलो, पण गोव्यात पेडण्यातली ती फोटोचोरी आठवली की अजून हसू फुटते.

दसऱ्याच्या सकाळी ऐंशीच्या घरातली एक आजी मुलाला घेऊन ठाण्यात आली. तिची आई एके काळी संगीत नाटकांतली गाजलेली नटी. पुढे मुंबईला जाऊन मूकपटांतही चमकली. तिचा एकही चित्रपट आता शिल्लक नाही. उरला होता तो एक फोटो. दर दसऱ्याला आजी तो पेटीतून काढून पुजायची. यंदा पेटी उघडली, तर फोटो गायब!

"साहेबा, माझी आवय माका परत हाडून दी," आजी म्हणाली. "तिचो चेरो विसरान मरूचा नाय माका."

तक्रार नोंदवून घेतली. खबऱ्याने सांगितले, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याला जुन्या घरांतले फोटो भिंतीवर टांगायचा नाद आहे. गेलो. भिंतभर लोकांचे आजे-पणजे लटकत होते, पण नटी कुठेच नव्हती.

पेटीचे कुलूप शाबूत होते, म्हणजे हात घरातलाच. आजीच्या मुलाला चौकशीला बसवले. घरच्या चोरीत दरडावून काही निघत नाही. चहा द्यावा आणि आपण गप्प बसावे. दुसऱ्या कपाला गडी बोलता झाला. पेटीत कुजणारे नाटकाचे पोशाख त्याने आईच्या नकळत जवळच्या चोपडे गावच्या नाट्यमंडळाला देऊन टाकले होते आणि त्यांच्या जागी जुनी लुगडी रचून ठेवली होती.

"फोटो तेच्याबरोबर गेलो आसतलो," तो म्हणाला. "पण आवयक सांगूचा कसा?"

तोवर कोजागिरी उजाडली होती. आजीला जीपमध्ये बसवून चोपडे गाठले. देवळासमोर रात्रीच्या नाटकाची तयारी चालली होती. मंडळाच्या व्यवस्थापकाने हात जोडले. "बायलेचो फोटो आमच्याकडे नाय, साहेब. हो एकच आसा, आमच्या मूळपुरुषाचो."

फेटा, तलवार, पिळदार मिशी! इतक्या जुन्या मंडळाकडे संस्थापकाचा फोटो नव्हता. जुन्या पोशाखांत राजा निघाला, तेव्हा मूळपुरुषच घरी परत आला असे समजून त्यांनी त्याला हार घातला होता. नट रांगेने पाया पडत होते.

आजी बघत राहिली आणि खदखदून हसत सुटली. "अरे, मिशी लावलेली माझी आवय ती! राजाचीच कामां करी!"

घरात ही गोष्ट इतकी सवयीची, की मायलेकांपैकी कुणालाही ती मला सांगावीशी वाटली नव्हती. ज्याची वस्तू हरवली त्याला आधी पोटभर बोलू द्यावे, हे मी तिथे शिकलो.

ओशाळलेला व्यवस्थापक हार काढू लागला. आजीने त्याचा हात धरला. "फोटो माझो, घरी व्हरतलंय. पण नाटकाआधी तुम्ही मूळपुरुषाचो जयजयकार करतात मां? आज तो तिच्या नावान करा."

पडदा उघडण्याआधी सगळा गाव त्या नटीच्या नावाने गरजला. पहिल्या रांगेत आजी फोटो मांडीवर घेऊन बसली होती. "आवय, पळय गे, कितले लोक!" म्हणत तिने फोटो गर्दीकडे वळवून तिला दाखवले. मी वर्दीत होतो, बंदोबस्तावर होतो. पण खरे सांगतो, त्या जयजयकारात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.