दाजींच्या गाडीचा सायलेन्सर

अक्काचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उभा होतो. पिशवीत मागून आणलेलं ड्रिल मशीन होतं. ती "निघालास का?" विचारणार म्हणून मी आधीच "निघालो गं" म्हणून टाकलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "सावकाश ये. आता घाई न्हाई..." या वाक्याचा अर्थ लावायला मला, गणिताच्या मास्तरला, बराच वेळ लागला. दाजी त्या सकाळी सातला गेले होते. आज दीड महिना झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत वीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शनवर कवठे महांकाळजवळच्या गावी आल्यावर एक जुनी, लाल, छोटी कार घेतली. तिला त्यांनी कधी गॅरेज दाखवलं नाही. ब्रेक असो की क्लच, सगळं अंगणात. मी गेलो की बहुतेक वेळा त्यांचे पायच आधी भेटायचे, बाकीचे दाजी गाडीखाली. मी बाह्या सरसावल्या की खालून आवाज यायचा, "पाव्हणं, तुमी खुर्चीत बसा. तुमच्या हाताला ग्रीस लागलं तर तुमची अक्का मला जेवाय घालायची न्हाई." आमच्याकडं बायकोच्या भावाला कामाला लावणं म्हणजे घराची नाचक्की. अठरा वर्षं मी तो मान मिरवला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचाही. आमच्या घरी बल्ब बदलायचा झाला तरी बायको शेजाऱ्यांना हाक मारते.

गेल्या वर्षी त्यांच्या हातातली ताकद जायला लागली. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग घास उचलेना. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध काही सांगितलं नाही. त्याच सुमाराला गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला आणि ती ट्रॅक्टरला मागं टाकेल असा आवाज करायला लागली. दाजींनी सांगलीहून नवा पाईप, सायलेन्सरचा नवा डबा, तो टांगायची रबरं असा सगळा संच मागवला. तो पडवीत तसाच पडून राहिला, कारण पाना धरायला बोटंच ऐकेनात. मिस्त्रीला बोलावू का, असं अक्कानं दहादा विचारलं असेल. ते नको म्हणून मान हलवायचे. एका रविवारी मी गेलो तर मला म्हणाले, "पाव्हणं, ही गाडी एकदा गप झाल्याली ऐकायची हाय मला. पर घरच्या हातानं. आता तुमीच करा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. नाही कसं म्हणणार...

ते सांगतील तशी मी गाडी जॅकवर चढवली आणि लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवली. ते शेजारी खुर्चीत. हात मांडीवर, तेही अक्कानं उचलून ठेवलेले. मी खाली. गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडत होते. रबरांना साबणाचं पाणी लावा म्हणाले, लावलं, तर ती अलगद सुटली आणि मागचा डबा हातात आला. मला चेव चढला. इंजिनाजवळचे दोन बोल्ट तेवढे राहिले होते. "गंजल्याला बोल्ट हाय," दाजी म्हणाले. "आधी जरा आवळा. कट्ट वाजलं की मग सोडा. घाई करू नगा." मी हे नीट ऐकलं, आणि तरी सगळा जोर लावून सरळ ओढला. बोल्टचं डोकं पान्यात आलं, बाकीचा आतच राहिला.

"तुटला न्हवं?"

मला खालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते जमिनीवर रोवून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. दोनदा. उठता आलं नाही. मी घाईनं बाहेर यायला गेलो तर शर्ट कशात तरी अडकला. एक माणूस खुर्चीत, एक गाडीखाली, आणि बोटभर लोखंडापुढं दोघांचंही काही चालेना. त्यांच्या आजारापुढं मी कधीच हात टेकले होते. निदान एवढं तरी जमेल असं वाटलं होतं. मला तिथंच, गाडीखाली, रडू आलं.

"असू द्या," ते म्हणाले. "चूक माजी हाय. तुमाला पाव्हणा करून बशिवलं, कवा पाना धरू दिला न्हाई..."

पुढच्या रविवारी काढू, असं ठरलं. त्या आठवड्यात शाळा सुटली की मी साताऱ्यातल्या एका गॅरेजात जाऊन उभा राहायचो. तिथल्या मिस्त्रींनी मला भंगारातल्या तुकड्यांवर ड्रिलनं तुटका बोल्ट काढायला शिकवलं. तीन वाया घालवले, चौथा निघाला. शनिवारी संध्याकाळी फोन करून दाजींना सांगितलं. त्यांना बोलताना धाप लागत होती. "या. वाट बगतो," म्हणाले.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तो बोल्ट काढला. नवा पाईप जोडला, डबा चढवला, रबरं बसवली. चार तास लागले. किल्ली फिरवली तर गाडी इतकी गप, की चालू आहे का हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. काम बरोबर झालं होतं. आणि ज्यांना ते ऐकायचं होतं... मी दार उघडं टाकून सीटवर बसून राहिलो. इंजिन बंद करवेना.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. दोन बरे शब्द बोलेल असं मला वाटलं होतं.

"बंद कर रं," ती म्हणाली. "संपंल. टाकीतलं पेट्रोल त्यांनीच भरल्यालं हाय."