बारा एक्केचाळीस ते बारा सत्तेचाळीस

जूनमधला दुसरा गुरुवार. दोन माणसांचं जाण्याचं भाडं सोळा हजार आठशे चाळीस येन. माणशी रेल्वेचे सात हजार चारशे सत्तर आणि बसचे साडेनऊशे. हजर माणसं दोन: मी, वय एकोणपन्नास, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे तोक्योजवळ उरायासुला आलेली माझी आई, वय चौऱ्याहत्तर. बायको ऑफिसच्या कामासाठी कोबेला गेली होती. आणि जिला आणायला आम्ही निघालो होतो ती आमची मुलगी, वय अकरा, डोंगरातल्या एका निवासात तापाने पडून होती.

इथल्या शाळा पाचवी-सहावीच्या मुलांना दोन रात्री डोंगरात राहायला नेतात. जाण्याआधी पालकांकडून एक पत्रक भरून घेतात. त्यातलं सातवं कलम असं, की मुलाला अडतीस अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर पालकांनी स्वतः येऊन त्याला घेऊन जावं. बाकीचे पालक हे वाचतात की नाही मला माहीत नाही. मी वाचलं होतं, आणि वाचून त्यावर इथल्या रीतीने सहीऐवजी नावाचा शिक्का मारला होता. त्यामुळे सकाळी सात दहाला शाळेच्या आरोग्यखोलीच्या बाईंचा फोन आला तेव्हा तक्रार करायला मला जागा नव्हती.

ताप अडतीस पूर्णांक सहा. रात्री गावातल्या डॉक्टरांना दाखवलं होतं, काळजीचं काही नव्हतं. बाकी मुलं आज डोंगर चढायला जाणार होती. बाई एकट्या तिच्याजवळ थांबणार होत्या. "ती सारखी विचारते आहे, बाबा कधी येणार म्हणून," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेली मुलगी. मी फोन कानाशी धरूनच लॅपटॉप उघडला आणि गाड्या बघितल्या. नऊची एक्स्प्रेस. अकरा सदतीसला ती सोडायची, अकरा एकोणपन्नासची दोन डब्यांची डोंगरी गाडी पकडायची, ती बारा एक्केचाळीसला शेवटच्या स्टेशनात. बारा सत्तेचाळीसला स्टेशनसमोरून बस. निवासाच्या दारात एक बावीस. हे सगळं मी बाईंना मिनिटांसकट सांगितलं.

"तर मग तिला सांगते, एक बावीस," बाई म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "स्टेशनवर निवासाची गाडी पाठवायला सांगू का? मालक येतील."

मी म्हणालो, "नको, नको. त्यांना कशाला त्रास. बस आहे."

"असं का. बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता इथे मला थोडं सांगायला हवं. मी जपानला आलो तेव्हा कंपनीने आम्हा सगळ्यांना दोन दिवस रीतभात शिकवली होती. त्यात एक गोष्ट होती: कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. देणाऱ्याला खरंच द्यायचं असेल तर तो दुसऱ्यांदा विचारतो, मग घ्यायचं. पुण्याहून आलेल्या आम्हा लोकांना यात शिकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या आग्रहाला चहा घेणाऱ्याला हावरट म्हणतात. बारा वर्षं मी ही रीत पाळत आलो आणि एकदाही अडलं नाही. त्या सकाळीही मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

मला त्याचं काही वाटलंही नाही. सहा मिनिटांची जोडणी होती. जपानमध्ये सहा मिनिटं म्हणजे भरपूर.

आई म्हणाली, "मी पण येणार."

"अगं, चार गाड्या बदलायच्या आहेत."

"मग चार बदलू. ताप आलेल्या पोरीला मांडी लागते. तुझ्या मांडीवर ती झोपणार आहे का?"

तिने थर्मासमध्ये आल्याचं पाणी घेतलं, एक शाल घेतली, आणि आम्ही निघालो.

एक्स्प्रेस नऊला सुटली. एक्स्प्रेसचा जादा आकार मी फोनवरून भरला होता, आणि मूळ भाड्यासाठी रोजच्यासारखं पैसे भरलेलं कार्ड स्टेशनच्या फाटकावर टेकवलं होतं. आईलाही एक कार्ड काढून दिलेलं होतं, तिनेही टेकवलं. अकरा सदतीसला आम्ही उतरलो. डोंगरी गाडी त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती, मध्ये फाटक नव्हतं. बारा एक्केचाळीसला आम्ही शेवटच्या स्टेशनात उतरलो. एक मिनिटही इकडे-तिकडे नाही. बाहेर बस उभी दिसत होती.

बाहेर जाण्याच्या वाटेवर कार्ड टेकवायचं यंत्र नव्हतं. एक खिडकी होती आणि खिडकीत साठीचे एक कर्मचारी. मी कार्डं पुढे केली. त्यांनी ती बघितली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

"माफ करा. हे कार्ड इथे चालत नाही."

मी म्हणालो, "पण आम्ही तोक्योहून हेच टेकवून आत आलो."

"हो. तिथे चालतं. इथे चालत नाही."

म्हणजे असं, की मूळ भाडं पूर्ण रोख द्यायचं, त्यांनी दोन्ही कार्डांसाठी हाताने दाखला लिहून द्यायचा, आणि तो दाखला दाखवून तोक्योकडच्या स्टेशनात कार्डांवरची सकाळची नोंद काढून टाकायची. तोवर ती कार्डं बंद. गाड्यांचं प्रत्येक मिनिट तपासणाऱ्या मला हे तपासायचं सुचलं नव्हतं. बारा वर्षांत कार्ड चालत नाही असं स्टेशन मी बघितलंच नव्हतं.

"आई, तू पुढे हो. बस थांबव," मी म्हणालो.

"कशी?"

"हात कर."

आई गेली. कर्मचाऱ्यांनी एक वही काढली, त्यात कार्बनचा कागद घातला, चष्मा बदलला. चढल्याचं स्टेशन, तारीख, वेळ, रक्कम. एका दाखल्यावर दोन शिक्के. मग दुसरा दाखला. मी म्हणालो, मला बस गाठायची आहे. ते म्हणाले, माफ करा, आणि तितक्याच वेगाने लिहीत राहिले. मी दहा हजारांच्या नोटा दिल्या. त्यांनी सुटे पैसे स्वतःशी मोजले, मग माझ्यासमोर मोजले.

मी बाहेर आलो तेव्हा आई बसथांब्याच्या खांबाजवळ एकटी उभी होती. बारा अठ्ठेचाळीस झाले होते.

"मी हात केला," आई म्हणाली. "ड्रायव्हरने माझ्याकडे बघून मान झुकवली. मला वाटलं, समजलं याला. मग मेल्याने घड्याळ बघितलं, परत मान झुकवली आणि दार लावलं."

मी परत खिडकीशी गेलो. विचारलं, रेल्वे बारा एक्केचाळीसला येते हे बसवाल्यांना माहीत आहे ना? गाडीतून उतरलेलं माणूस तुमच्यासमोर उभं असताना बस दोन मिनिटं थांबू शकत नाही का? ते म्हणाले, बस दुसऱ्या कंपनीची आहे. दोन्ही वेळापत्रकं एकाच भिंतीवर एकाच फळीला लावलेली होती, मी बोट दाखवलं. ते म्हणाले, हो, फळी आमची आहे.

पुढची बस तीन पंचावन्नला.

स्टेशनबाहेर टॅक्सीचा फलक होता. त्यावरच्या नंबरला फोन लावला. गावात टॅक्सी एकच होती आणि ती चार वाजेपर्यंत हॉस्पिटलच्या पेशंटसाठी ठरलेली होती. निवास चौदा किलोमीटर, सगळा चढ. खिडकीतल्या कर्मचाऱ्यांनी एक वाजता पडदा ओढला आणि पाटी लावली: तीन वाजेपर्यंत बंद. सायकलवर बसून ते जेवायला गेले. जाताना आम्हाला मान झुकवून गेले.

मी बाकावर बसून मोबाइलवर पर्याय काढत होतो. तीन पंचावन्नच्या बसने चार तीस. परतीची शेवटची बस चार चाळीस. म्हणजे तापातल्या पोरीला दहा मिनिटांत उचलायचं. ती बस चुकली तर रात्र तिथेच.

आई म्हणाली, "त्या बाईंना फोन कर."

"काय सांगू? गाडी पाठवतो म्हणाल्या, तेव्हा मी नको म्हणालो."

"नको म्हणालास?"

मी सांगितलं. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, वगैरे. आईने ऐकून घेतलं.

"वडलांवर गेलास. आमच्याच लग्नात व्याह्यांच्या पंगतीला जिलेबी नको म्हणाले. वाढपी पुढे गेला. चाळीस वर्षं सांगत होते, परत विचारलंच नाही म्हणून." मग म्हणाली, "ते जिलेबीचं होतं. ही पोर आहे. लाव फोन."

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. सकाळी मिनिटं सांगून नको म्हटलेली गोष्ट दुपारी मागायची. ती लाज गिळायला मला आणखी चोवीस मिनिटं लागली. एक चोवीसला फोन केला.

बाई म्हणाल्या, "तुम्ही वेळा इतक्या नेमक्या सांगितल्या होत्या. मला वाटलं, पुन्हा विचारलं तर तुमच्यावर विश्वास नाही असं होईल."

निवासाची गाडी मुलांचे जेवणाचे डबे घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेली होती. दोनपर्यंत परत येणार होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही वर येऊ नका, त्यात वेळ जाईल. मालक आणि मी तिलाच खाली घेऊन येतो." या वेळी मी लगेच हो म्हणालो.

दोन छत्तीसला पांढरी व्हॅन आली. दोन अठ्ठेचाळीसची गाडी होती, ती गेली की पुढची चार पन्नासला. मुलगी मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये होती, डोक्यावर शाळेची टोपी. मी दार उघडलं. तिने माझ्याकडे न बघता आजीकडे हात केले. आईने तिच्या गळ्याला हात लावला आणि शाल गुंडाळली.

मालकांना मी टॅक्सीला पडले असते तेवढे सात हजार देऊ केले. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. ते परत नको म्हणाले, आणि तोंडावर हसू नव्हतं, म्हणून मी थांबलो. खिडकीवर पडदाच होता. फलाटावरच्या पेटीतून चढल्याची चिठ्ठी घ्यायची आणि पैसे पुढे द्यायचे, असं बाईंनी सांगितलं. मी तीन चिठ्ठ्या ओढल्या.

गाडी सुटल्यावर मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. डोळे उघडे होते. मग ती जपानीत काहीतरी बोलली, हळू आवाजात, पण माझ्याकडे बघून.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

मला ते मराठीत सांगावं लागलं. "म्हणते, एक बावीसला बस आली तेव्हा ती खिडकीत उभी होती. कोणी उतरलं नाही."

"ताप असताना उभी होती?"

मुलीला हे समजलं. बाईंना मात्र सेन्सेईच म्हणत ती आता मराठीत म्हणाली, "सेन्सेई म्हणाल्या होत्या एक बावीस. मी एकपासून उभी होते." आणि मग, "सेन्सेईंनी गाडी देते म्हटलं होतं ना? बाबा, तू नको का म्हणालास?"

मी कार्डाचं सांगायला सुरुवात केली. दुसरी कंपनी, दोन दाखले, सहा मिनिटं. ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न तो नव्हता, आणि ते मला बोलतानाच कळत होतं. मी थांबलो.

"लोकांना त्रास नको म्हणून," मी म्हणालो. "मला वाटलं, त्या परत विचारतील."

"सेन्सेई परत विचारत नाहीत," मुलगी म्हणाली. "नको म्हटलं की नको. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं. चुकलं माझं."

आई तिच्या केसांतून हात फिरवत होती. "आणि आजीने तर भर रस्त्यात बस अडवली," आई म्हणाली. "ड्रायव्हर म्हातारीला नमस्कार करून पळून गेला." मुलगी थोडी हसली, मग तिला खोकला आला. दोन घोट आल्याचं पाणी प्यायली, तोंड वाकडं केलं आणि झोपली. माझा हात तिच्या पायावर होता, तो तिने काढला नाही. बायकोला मी मेसेज केला: मुलगी मिळाली, झोपली आहे.

एक्स्प्रेसमध्ये तिला उचलूनच नेलं. पंधरा मिनिटांनी तिकीट तपासनीस आले. झोपलेली मुलगी बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि गुडघ्यावर बसले. मी तीन चिठ्ठ्या दिल्या. मोठ्यांचे प्रत्येकी सात हजार चारशे सत्तर, मुलीचे अर्धे, वरचे पाच येन सोडून, तीन हजार सातशे तीस. एकूण अठरा हजार सहाशे सत्तर येन मी रोख दिले, त्या तपासनीसांना.