वाळूच्या जागी मी

आमच्या कुरुळीच्या घरात माणसापेक्षा बैलाला मान जास्त होता. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडा शर्यतीचे वेडे. शर्यतीआधी महिनाभर ते खोंडांना दगड भरलेली गाडी ओढायला लावायचे आणि शर्यतीच्या दिवशी रिकामी जुंपायचे. अंगावरचं ओझं उतरलं की जनावर सुटतं, हा त्यांचा सिद्धान्त. या दिवसांत बैल ‘तयारीचा’ असायचा. तयारीच्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नसे, त्याच्या वाटेत आडवं जात नसे, त्याच्या पुढ्यातली पेंड कमी करायची कोणाची छाती नव्हती. माझ्या आईच्या बाळंतपणात तिच्या ताटाकडे कोणी एवढं लक्ष दिलं नसेल. हे मी रागानं लिहिते आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझे कान मोठ्या तापात गेले. तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. ताप उतरला, मी उठून बसले, आणि पाहते तर घरातली सगळी माणसं नुसती तोंडं हलवतायत. मला वाटलं थट्टा चाललीय. मग आई रडायला लागली तेव्हा कळलं की थट्टा नाही. कोमट तेल झालं, लसणीची पाकळी झाली, भगताचा अंगारा झाला. पुण्याला कानाचे डॉक्टर आहेत असं कोणीतरी सुचवलं, तर आबा म्हणाले, “पोरीच्या जातीला ऐकू येऊन काय करायचंय? तिला काय कीर्तन करायचंय व्हय?” हे वाक्य मला पुढे आईनं सांगितलं. एरवी आबा वाईट नव्हते. मला खांद्यावर घेऊन घाटातल्या, म्हणजे गाड्यांच्या धावपट्टीवरच्या, शर्यती दाखवायचे. पण पोरीच्या कानापायी घरचा माणूस दिवसभर शेतातून उठायचा, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

आबांचा धाकटा भाऊ, माझे काका, पिंपरीला नव्या कारखान्यात लागले होते. रोज सायकलनं जायचे-यायचे. त्यात त्यांना सायकलच्या शर्यतींचा नाद लागला आणि आबा हरखून गेले. घरात आणखी एक तयारीचा बैल आला! आबांनी स्वतःच्या हातानं वाळूचं पोतं शिवलं आणि काकांच्या सायकलच्या कॅरियरला बांधलं. सुटीच्या दिवशी काका ते ओझं घेऊन पार पुण्याच्या वेशीपर्यंत जाऊन यायचे.

एके दिवशी काका आबांना म्हणाले, “वाळूच्या जागी हिलाच बसवतो की. वजन तेवढंच हाय.” आबांनी मला उचलून पाहिलं, पोतं उचलून पाहिलं, आणि मान डोलावली. अशी मी पुण्याला गेले. वाटेत काका गाणं म्हणत होते. ऐकू काही येत नव्हतं, पण त्यांच्या पाठीला गाल टेकला की आतली गुणगुण हाडांतून माझ्यापर्यंत यायची. तापानंतर मला मिळालेला तो पहिला आवाज.

डॉक्टरांकडे एका वारलेल्या म्हाताऱ्याचं यंत्र होतं. साबणाच्या वडीएवढा डबा छातीवर पिशवीत अडकवायचा, त्यातून वायर निघून कानाला लावायची. यंत्र एकाचं दुसऱ्याला चालतं, पण कानाच्या आत बसतं ते ज्याचं त्यालाच करावं लागतं. डॉक्टरांनी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात सरकवला आणि वर पांढरा लगदा भरला. आधी गार लागला, मग आपोआप कोमट झाला. घट्ट झाल्यावर त्यांनी तो हलकेच ओढून काढला, तर माझ्या कानाच्या आतली सगळी वळणं त्यांच्या तळहातावर! त्या साच्यावरून पुढच्या खेपेला कडक प्लास्टिकचा तुकडा आला. घरी आम्ही त्याला बूच म्हणायचो. “कानाला बूच मारल्यावर ऐकू कसं येईल?” असं आबा गावभर विचारत हिंडले.

आलं मात्र ऐकू. खरखरीत, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं, पण आलं. काकांनी विचारलं, “येतंय का गं?” आणि मी त्यांच्या गळ्यात पडून एवढी रडले की डॉक्टरांनी यंत्र ओलं होईल म्हणून काढून घेतलं.

अडचण अशी की मुलाचा कान वाढतो, बूच वाढत नाही. ते सैल झालं की यंत्र शिट्टी घालायला लागतं, आणि शिट्टी थांबवायला आवाज कमी करावा तर ऐकू येणं बंद. म्हणजे दर काही महिन्यांनी नवा साचा, नवं बूच. काकांची शर्यतीची हौस फिटली की मला कोण नेणार, ही धास्ती मला कायमची बसली. शर्यतीत ते हरावेत, म्हणजे पुढच्या साली पुन्हा तयारी करतील, असा नवससुद्धा मी मारुतीला केला होता.

दुसऱ्या वर्षी माझा साचा चालू असताना डॉक्टरांनी काकांची धाप पाहिली आणि त्यांनाच टेबलावर निजवलं. परतताना काकांनी रस्त्याकडेला सायकल थांबवली, माझ्यासमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “माझी शर्यत संपली. काळजात काहीतरी बिघाड हाय. पर घरी बोलायचं न्हाई. आबाला कळलं तर तुझं पुणं बंद.” मला बिघाड कळला नाही. पुणं बंद, एवढं कळलं.

आणि मग आमचं सोंग सुरू झालं. काका घरी ‘तयारीत’च राहिले. तयारीच्या माणसाला कोणी कामाला लावत नव्हतं, कुठे चाललास विचारत नव्हतं. पण माझी अंगकाठी काही वाढेना, तेव्हा आबा म्हणाले, “ही कसलं वजन? ही तर चिमणी हाय,” आणि त्यांनी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या अडकवल्या. काका इंद्रायणीपर्यंत उतारानं जायचे, नदीवर पिशव्या रिकाम्या करायचे, पूल ओलांडून मोशीत एका ओळखीच्या दुकानात सायकल ठेवायचे आणि आम्ही एसटीनं पुण्याला जायचो. येताना नदीची वाळू पुन्हा भरायची, चढ सायकल हातात धरून चढायचा, गावाच्या जरा अलीकडे तिच्यावर बसायचं आणि धापा टाकत शिरायचं. धापा मात्र खऱ्या होत्या. मला सगळा खेळ वाटायचा. काका वाळू भरताना मला डोळा मारायचे आणि मी तोंडावर हात धरून हसायचे. त्या वाटेवर मी जेवढी हसले तेवढी पुढे कधी हसले नाही.

असाच एक दिवस. नवं बूच घेऊन आम्ही परतलो होतो, पिशव्या भरून झाल्या होत्या, आणि मोशीकडून आबांचा गाडा आला. गाड्यात गावची चार माणसं. आबांनी भावाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खाली उतरून त्यांनी पिशव्या हातानं तोलल्या. “एवढीच? अरं वाघा, ही काय वाळू झाली?” म्हणत त्यांनी ओंजळी-ओंजळीनं ओली वाळू वर चेपली, मला उचलून कॅरियरवर बसवलं आणि माणसांना म्हणाले, “आता बघा माझा भाऊ चढ कसा मारतो ते.”

काकांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग पायडलवर पाय ठेवला.

शेजारून गाडा दौडत होता. माणसं ओरडत होती, आबा शिट्ट्या मारत होते. नवं बूच घट्ट बसलेलं, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. काकांचा श्वासही. त्यांनी चढ मारला. एकदाही पाय टेकला नाही. दारात मला खाली उतरवलं, आबांनी पाठीवर थाप मारली, आणि काका “जरा पडतो” म्हणून ओट्यावर आडवे झाले. दिवेलागणीआधीच त्यांचा जीव गेला. आईनं हंबरडा फोडला तो मला पुरता ऐकू आला. मी यंत्र काढून ठेवलं आणि कित्येक दिवस लावलं नाही.

दृष्ट लागली, असं गाव म्हणालं. एवढ्या माणसांनी एकदम कौतुक केलं, दुसरं काय होणार. आबांनीही तेच धरलं. भावाचं नाव निघालं की म्हणायचे, “तयारीत गेला माझा वाघ.” म्हणताना त्यांची मान ताठ असायची.

पुढे बूच सैल झालं. यंत्र शिट्टी घालू लागलं. कोणी काही म्हणायच्या आत एके सकाळी आबांनी पटका बांधला, आईला माझी वेणी घालायला सांगितली आणि मला एसटीनं पुण्याला घेऊन गेले. तेव्हा साचा दिला आणि बूच तयार झालं तेव्हा पुन्हा मला घेऊन आले. त्या दिवशी डॉक्टरांनी नवं बूच कानात बसवलं, यंत्र चालू केलं आणि आबांना विचारलं, “भाऊ नाही आले बऱ्याच दिवसांत? बरे आहेत ना?”

“गेला तो,” आबा म्हणाले. “शर्यतीच्या तयारीत गेला.”

डॉक्टर म्हणाले, “तयारी कसली? त्यांच्या हृदयाची झडप खराब होती. चढावर सायकल हातात धरून चाला, असं मी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं.”

“मला न्हाई बोलला.”

“घरी सांगा म्हणून मी किती वेळा म्हटलं. ते म्हणायचे, शर्यत नाही म्हटल्यावर भाऊ पोरीला पाठवणार नाही.”

डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे वळले, तरी आबा तिथंच स्टुलावर बसून राहिले. मग पटका सोडून मांडीवर घेतला. मी त्यांना असं उघड्या डोक्यानं चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “पाठवलं असतं की गं.”

बूच नवं होतं. मला ऐकू आलं.