बॅगवाला आधी आत का जातो?

डॉक्टर मित्रांनो, तुम्हीही पाहिले असेल: औषध कंपनीचा प्रतिनिधी सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत आधी आत जातो. असे का?

आज यवतमाळच्या आम्हा चौघा डॉक्टरांच्या सामायिक दवाखान्यात तेच घडले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला मुकुटबनचा शेतकरी बाकावर घामाने निथळत होता. त्याची बायको कडाडली, "बॅगवाल्याले पयले सोडता, अन् ह्यायचा जीव गेल्यावर आमाले बोलावता का जी?"

"संबंध जपावे लागतात," माझे एक भागीदार डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मी रुग्णाला स्वतः आत नेले. आता त्याचा श्वास सुधारतो आहे. पण ज्याच्या विश्वासावर दवाखाना चालतो, त्याच्याशी आपला काहीच संबंध नाही?

उद्या स्वतःच्या काउंटरवर प्रतिनिधीचे नाव विचारा, मग सर्वांत जास्त वेळ बसलेल्या रुग्णाचे. कागद न पाहता यातले कोणते नाव सांगितले जाते?